तात्यांना दिलेली उडी

अनू आणि मिलिंद,

तुमचं निळं पत्र परवा पोचलं. आत्याआजी गेल्याचं कळल्यावर दोघांनी लगेच लिहायला घेतलंत, बरं वाटलं. पण मिलिंद, तू शेवटी लिहिलंस: 'पणजोबा काय मोठे होते! आत्याआजीला पुण्याला शिकायला जाता यावं म्हणून ते बुद्धिबळात मुद्दाम हरले.' ते वाक्य वाचलं आणि माझा चहा तसाच गार झाला. ही गोष्ट तुला तुझ्या बाबांनी सांगितली असणार. त्यांच्या कानावर ती कुठून आली तेही मला ठाऊक आहे. ती साफ खोटी आहे. आत्याआजी होत्या तोवर कुणी असं म्हणालं की त्या स्वतःच त्याला जागच्या जागी गप्प करायच्या. आता ते काम माझ्याकडे आलं, आणि ते आजच करायला हवं. तुम्ही तिकडे ही गोष्ट चार मित्रांना सांगण्याच्या आत.

ओळख आधी पक्की करून घ्या. आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची सख्खी बहीण इंदू, माझी नणंद. मी त्यांना जन्मभर वन्सं म्हटलं. तात्या म्हणजे त्या दोघांचे वडील, माझे सासरे, तुमचे पणजोबा. मी दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा ते शाळेच्या वार्षिक अहवालासारखं व्हायला लागलं. म्हणून मी सरळ त्यांच्याशीच बोलते. तुम्ही दोघं शेजारी बसून ऐका.

वन्सं, तुम्ही असता तर म्हणाला असता, "वहिनी, आधी मुद्दा, मग रडणं." तर मुद्दा हा: तुम्ही तात्यांना हरवलंत. पांढऱ्या मोहऱ्यांनी, कडेकडेनं सुरुवात करून, त्यांना त्यांच्या हक्कापेक्षा जास्त देऊन हरवलंत.

मी लग्न होऊन सोलापूरला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत तळाशी इंग्रजी पुस्तकं होती, वर लुगडी. त्यांत वडिलांनी दिलेलं बुद्धिबळाचं एक पुस्तक होतं. ते तुम्हीच शोधून काढलंत. दुपारी जेवणं झाली, गिरणीचा भोंगा होऊन गेला आणि तात्या वामकुक्षीला लवंडले, की तुम्ही त्यांचा पट नि मोहऱ्यांची पिशवी हळूच स्वयंपाकघरात आणायच्या. मी पुस्तक वाचून मराठीत सांगायची. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "वन्सं, विलायती खेळात वजिराला राणी म्हणतात."

"म्हणजे राणी हवी तिकडे फिरते आणि राजा एकेक घर चालतो?"

"हो."

"बरा आहे की खेळ. पुढचं वाच."

मैंदर्गीची नीलव्वा आपल्याकडे भांड्यांना होती. ती राख लावता लावता मान लांब करून बघायची. "वैनी, ह्यो उंट तिरकाच का चालतुया?"

"त्याची चालच तशी असते गं."

"आमच्या घरचा उंट सरळ चालतो की! लई सरळ. सावकाराच्या दारात जाऊन बसतो."

तुम्ही हसून हसून पट विस्कटलात, आणि डाव पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागला.

मुलांना एक गोष्ट इथे सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्याकडचा जुना खेळ वेगळा होता. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं; विलायतीत पहिल्यांदा दोन घरं जाता येतं. विलायतीत राजा आणि हत्ती मिळून किल्लेकोट करतात, म्हणजे राजा एका चालीत कोपऱ्याकडे सुरक्षित जातो. जुन्या खेळात किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला साऱ्या डावात एकदाच, शह बसायच्या आत, घोड्यासारखी उडी मारता यायची. आणि प्याद्यानं केलेली मात सगळ्यांत मानाची. वजिरानं मात केली तर माणूस हरला म्हणायचे. प्यादेमात झाली तर त्याच्याबद्दल आठवडाभर बोलायचे.

तात्या जुन्या खेळातले वाघ. पेठेत त्यांच्यासमोर बसायला कुणी धजत नसे.

आपलं भांडण सुरू झालं ते सुरुवातीच्या चालींवरून. पुस्तक म्हणत होतं, पहिल्यांदा मधली घरं ताब्यात घ्या. मी मॅट्रिक झालेली, छापलेलं मानणारी. तुम्ही मात्र घोड्यापुढचं प्यादं एक घर सारायच्या आणि त्याच्या मागे उंट नेऊन कोपऱ्यात बसवायच्या. एका बाजूला झालं की दुसऱ्या बाजूलाही तसंच.

"वन्सं, मधे या ना! सगळा पट मोकळा सोडलात."

"मधे जाऊन बसलं की दहा जण टपलेले. इथून सगळं दिसतंय मला."

मी पुस्तकाची शेवटची पानं काढली. तिथे बारीक टायपात असल्या सुरुवाती दिल्या होत्या आणि वर मथळा होता, अनियमित. मी म्हटलं, "बघा, हे अनियमित आहे."

"म्हणजे चुकीचं?"

"चुकीचं नाही… नियमित नाही."

"मग मला हेच वाच."

तुम्हाला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाल्याचं कळलं, आणि त्याच आठवड्यात माळशिरसचं स्थळ आलं. तात्या माळशिरसला मामलेदार होते तेव्हाची ओळख. बिजवर, पहिल्या बायकोची दोन मुलं, ऊस, मोठी विहीर. रात्रीची पानं मांडली होती, शेजारचे वकीलसाहेब जेवायला होते, मी वाढत होते.

तात्या म्हणाले, "माणूस सज्जन आहे. विहिरीला बारमाही पाणी आहे."

तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणालात, "तात्या, मला विहिरीशी लग्न नाही करायचं."

वकीलसाहेबांना ठसका लागला. तात्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "पुण्याला जाऊन कोणते दिवे लावणार आहेस?"

"मास्तरीण होणार आहे."

"एवढी शहाणी झालीस? मग मला पटावर हरव आणि जा पुण्याला!"

वकीलसाहेब लगेच म्हणाले, "तात्या, शब्द गेला हं तुमचा."

"गेला तर गेला. आणि ही हरली की माळशिरसला होकार कळवायचा, मग डोळ्यांतून पाणी काढायचं नाही."

मी वाढायचं विसरले. तुम्ही मात्र विचारलंत, "नियम कुठले?"

"तुझ्या वहिनीच्या पुस्तकातले! म्हणजे म्हणायला नको की म्हाताऱ्यानं जुन्या खेळात गाठून मारलं. विलायती खेळलोय मी साहेबाशी."

आपल्याला वाटत होतं, आपले दुपारचे डाव कुणाला माहीत नाहीत. तात्यांना सगळं माहीत होतं.

रविवारी सकाळी पूजा आटोपून तात्या पुढच्या खोलीत जाजमावर बसले. वकीलसाहेब साक्षीला आले. तुमचे भाऊ परीक्षेसाठी मुंबईला गेलेले, त्यामुळे घरात तुमच्या बाजूनं बोलणारा पुरुष नव्हता. मी मधल्या दारात, डोक्यावर पदर, पुस्तक पदराखाली. सासऱ्यांसमोर सुनेनं बोलायचं नाही हा रिवाज. मी काही सांगायचं ते सासूबाईंमार्फत. सासूबाई उखळात शेंगांची चटणी कुटत होत्या. त्यांनी तुम्हाला जाताना एवढंच म्हटलं, "घाई करू नकोस. तुझ्या बापाला उपाशीपोटी दम निघत नाही." वन्सं, साऱ्या डावात तुम्हाला मिळालेला सगळ्यांत उपयोगी सल्ला तोच, हे मी आजही मानते.

तात्यांनी दोन मुठी पुढे धरल्या. तुम्ही डावी उघडलीत. पांढरं प्यादं.

आणि तुम्ही पहिली चाल काय केलीत? वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं, एक घर. मी दारात कपाळाला हात लावला. आज तरी! आज तरी मधे या!

तात्या मोठ्यानं हसले. "बये, ह्यात दोन घरं जाता येतं. वहिनीनं सांगितलं नाही वाटतं?"

"सांगितलंय, तात्या."

त्यांनी राजापुढचं प्यादं दोन घरं दामटलं, मग वजिरापुढचं दोन घरं. दौऱ्यावर निघालेल्या मामलेदाराचा थाट होता त्या प्याद्यांना. वकीलसाहेब "वा, वा" करत होते. तुम्ही एक उंट कोपऱ्यात बसवलात, मग दुसरा. घोडा काढलात. मग किल्लेकोट केलात, तो अगदी मी शिकवला तसा, आधी राजा उचलून मग हत्ती.

"राजा लपवलास?" तात्या म्हणाले.

"झोपवला. उन्हं वर आली."

तात्यांनी किल्लेकोट केला नाही. त्यांच्या हाडात उडी होती. राजा केव्हाही निसटेल असं त्यांचा हात धरून चालला होता. त्यांनी राजाच्या बाजूचं घोड्यापुढचं प्यादं पुढे रेटलं, तुमच्या घोड्याच्या बदल्यात आपला एक उंट दिला. आणि तेव्हा तुम्ही कोपऱ्यातला उंट फक्त एक घर तिरपा हलवलात, पार पटाच्या काठाला. मला आधी काही उमगलं नाही. मग त्याच्या वाटेवर बोट फिरवल्यासारखं डोळे फिरवले, आणि कळलं. त्याची नजर थेट तात्यांच्या राजाशेजारच्या घरावर होती. शत्रूचा मारा असलेल्या घरावरून राजाला किल्लेकोट करता येत नाही. तुम्ही त्यांचं दार बाहेरून लावून घेतलं होतं. समोर तुमचा हत्ती मधल्या पट्टीवर येऊन उभा. आता एक प्यादं बाजूला झालं की राजावर धाड.

तात्यांनी हे पाहिलं. मिशीवरून हात फिरवला. "बघ हं आता," म्हणाले, राजा उचलला आणि घोड्याच्या चालीनं टाणकन् मोकळ्या घरात नेऊन ठेवला.

"उडी नाही!"

हे मी ओरडले. त्या घरात मामंजींसमोर मी मोठ्यानं काढलेले पहिले शब्द ते. उखळातलं मुसळ थांबलं. वकीलसाहेबांनी मान वळवली. मी पदर पुढे ओढला, पण शब्द काही परत ओढता येईनात.

तात्या पटाकडे बघत होते. कान लाल झाले होते. "उडी नाही का ह्यात?" ते स्वतःशीच पुटपुटले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, तुझं पुस्तक काय म्हणतं?"

मला वाचायचीसुद्धा गरज नव्हती. "राजाला उडी नाही, मामंजी. आणि मोहऱ्याला हात लावला की तोच खेळावा लागतो."

म्हणजे राजा एखादं घर इकडेतिकडे सरकवायचा आणि तुमच्या हत्तीच्या तोंडी द्यायचा. डाव संपला होता, वन्सं! पुणे मिळालं होतं! मी मनातल्या मनात तुमची ट्रंक भरायला घेतली होती.

आणि तुम्ही म्हणालात, "राहू दे, तात्या. घ्या उडी."

वकीलसाहेब म्हणाले, "इंदू, विचार कर."

"केलाय. मी देते म्हटल्यावर पुस्तकाचं काय?"

मिलिंद, आता नीट ऐक. मुद्दाम हरायचं असतं तर ही वेळ होती. तात्यांना फक्त 'नको' म्हणायचं होतं. नियमाप्रमाणे राजा मागे ठेवायचा, हरायचं, पोरीला पाठवायचं, आणि वर मोठेपणाही मिळाला असता. तात्यांनी काय केलं? क्षणभर पटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं." राजा उडीच्या घरात तसाच राहिला. मुलीनं दिलेली सूट त्यांनी घेतली! जिंकायला बसलेला माणूसच असं करतो.

वन्सं, मला त्या क्षणी तुम्हाला धरून हलवावंसं वाटलं.

तुमचा उंट परत आपल्या जुन्या कोपऱ्यात गेला आणि तिथून त्याने तात्यांच्या राजापुढचा घोडा जागच्या जागी खिळवला. तात्यांना भूक लागली होती. त्यांचा वजीर लांब तुमच्या बाजूची प्यादी खायला निघाला, एक खाल्लं, मग दुसरं. सासूबाईंचं मुसळ पुन्हा सुरू झालेलं. शेंगांचा खमंग वास पुढच्या खोलीपर्यंत येत होता आणि तात्या मधूनच आत बघत होते. तुम्ही उंटानं तो घोडा उचललात, राजानं उंट मारला, आणि राजा उघड्यावर आला. मग तुमचा घोडा मधे. त्यांचं पुढे रेटलेलं प्यादं पडलं. शहावर शह. राजा एकेक घर पुढे, तुमच्याच गोटाच्या दिशेनं.

आता वजिरानं शह दिला असता तर मात होती. मला दारातून स्वच्छ दिसत होती. तुम्ही वजिराला हात लावला नाहीत. हत्ती उचललात आणि राजाच्या मागची आडवी ओळ बंद करून शांतपणे ठेवलात. शहसुद्धा नाही! तात्यांना एक अख्खी चाल फुकट!

"शह!" तात्यांचा वजीर तुमच्या राजाच्या ओळीत उतरला. वकीलसाहेब गुडघ्यावर उठून बसले. मी देवाचं नाव घेत होते की तुमच्या नावानं बोटं मोडत होते, आता सांगता येणार नाही. तुम्ही उंट मधे घातलात.

तात्यांकडे आणखी शह नव्हता. त्यांनी पट पुन्हा पुन्हा न्याहाळला. तुमचं हत्तीपुढचं, काठाचं, सकाळपासून न हललेलं प्यादं त्यांनी पाहिलं होतं, हे मी शपथेवर सांगते. त्यांची नजर त्याच्यावर टेकली आणि पुढे गेली. एक घर जाऊन ते काय करणार?

आता आठवतं ते असं की तुम्ही बांगड्या मागे सारल्यात.

ते प्यादं दोन घरं पुढे ठेवलंत. म्हणालात, "ह्यात दोन घरं जाता येतं ना, तात्या?"

राजाला हलायला जागा नव्हती. तात्यांनी एका बोटानं त्या प्याद्याच्या डोक्याला स्पर्श केला, जसं काही ते खरंच तिथे आहे का ते बघत होते.

वकीलसाहेब हलकेच म्हणाले, "तात्या, प्यादेमात."

"दिसतंय मला."

मग तात्या उठले, आतल्या दाराशी आले आणि सासूबाईंना म्हणाले, "अगं, हिच्या ट्रंकेला कुलूप आहे का, बघ. आणि जेवायला वाढ."

नीलव्वानं मला कोपरानं ढोसलं. "कोन जितलं म्हनायचं?"

"इंदूताई."

"मग मालक रागावलं न्हाईत व्हय?"

"रागावलेत की."

"आन् तरी बी धाडनार?"

"शब्द दिलाय ना."

"अय्यव्वा," नीलव्वा म्हणाली, आणि परत भांड्यांकडे गेली. तिनं त्या दिवशी एकही भांडं नीट घासलं नाही.

'मुद्दाम हरले' ही गोष्ट त्याच संध्याकाळी जन्माला आली. वकीलसाहेब भला माणूस. पेठेत मित्राची शोभा होऊ नये म्हणून त्यांनी चारचौघांत सांगितलं, तात्यांनी पोरीचं मन राखलं. ते तात्यांच्या कानी आलं तेव्हा ते टोपीसुद्धा न घालता त्यांच्या दारात गेले. रस्त्यावरून सगळ्यांना ऐकू आलं: "मन राखायला उडी घेतली का मी? हरलो मी! प्यादेमात झाली माझी, सांग सगळ्यांना!" पण गोड गोष्ट लोकांना लवकर पाठ होते. तात्या गेल्यावर तीच तेवढी उरली आणि समुद्र ओलांडून मिलिंदपर्यंत पोचली.

आपलं भांडण मात्र वेगळं, वन्सं. तुम्हाला पोचवायला टांग्यात बसले तेव्हाच मी ते काढलं. "उडी का दिलीत? तुमचं सगळं आयुष्य पटावर मांडलं होतं, आणि तुम्ही त्यांना सूट दिलीत! आणि वर वजिराची मात सोडलीत!"

तुम्ही म्हणालात, "नियमानं हरले असते तर तात्या जन्मभर म्हणाले असते, पुस्तकानं हरवलं. मी सुट्टीत घरी आले की रोज ऐकावं लागलं असतं. आता बोलायला जागा आहे का?"

"आणि हरला असता तर?"

"तर माळशिरसची विहीर होतीच."

त्यावर मी स्टेशनपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. गाडी हलल्यावर खिडकीला धरून पळाले मात्र.

हा वाद आपण केस पांढरे होईपर्यंत घातला. दिवाळीच्या पाडव्याला पट मांडायचा, तो डाव पुन्हा खेळायचा, आणि तात्यांच्या उडीशी आलं की थांबून भांडायचं. मी म्हणायची, धाडस होतं, शहाणपण नव्हतं. तुम्ही म्हणायच्या, "वहिनी, तू अजून पुस्तकाच्या पुढच्या पानांतच आहेस." या पाडव्याला तुम्हाला बसवत नव्हतं, म्हणून उशीला टेकून तुम्ही चाली तोंडानं सांगितल्यात आणि मी मोहरे हलवले. उडीशी आल्यावर मी बोट वर केलं. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "आज नको. पुढच्या खेपेला."

तुम्ही कॉलेजात गेल्यावर काय झालं, हे मी तुम्हाला कधी पुरतं सांगितलं नाही. दुसऱ्याच रविवारी तात्यांनी मला हाक मारली. मी दारात उभी राहिले. ते म्हणाले, "तिथे काय उभी? ते पुस्तक घे आणि इथे बैस. किल्लेकोटाचं पान वाच." मी जाजमाच्या काठावर बसले. किल्लेकोट झाला, मग दुसरं प्रकरण, मग इंग्रजी वर्तमानपत्र. तात्या मधे मधे हुज्जत घालायचे आणि मी उत्तर द्यायची. सासूबाई आतून म्हणायच्या, "सुनेला तोंड फुटलं," आणि मला चहा आणून द्यायच्या. पुढे तुम्ही शिकून परत आलात आणि तुमच्या शाळेला इंग्रजीची शिक्षिका हवी झाली तेव्हा माझं नाव तात्यांनीच काढलं. तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी काही मागितलं नव्हतं. तरी माझं पुढचं सगळं त्या जाजमावरून सुरू झालं. शाळेतली इतकी वर्षं आपण एका टेबलाशी डबा खाल्ला. हे सांगायची संधी रोज होती, पण आपल्याला भांडायला जास्त आवडायचं. आता सांगते, वन्सं. माझ्यावर उपकार आहेत तुमचे.

तेरावं झालं, माणसं पांगली. काल दुपारी मी पट मांडला. तात्यांच्या उडीपर्यंत आले. भांडायला कुणी नाही, म्हणून या वेळी मी तात्यांच्या बाजूनं बसले. आणि वन्सं, मला सापडलं! उडी मारल्यावर त्यांचा कोपऱ्यातला हत्ती मोकळा झाला होता. तो त्यांनी मधल्या पट्टीवर तुमच्या हत्तीसमोर आणून उभा करायचा होता. बस, तेवढंच. तुमचा मारा तिथेच अडकत होता! वजीर प्यादी खायला धावला नसता, तर तुमचं काही खरं नव्हतं. तुम्हाला दिसलं नाही, तात्यांना दिसलं नाही, आणि इतक्या पाडव्यांना मलाही दिसलं नाही. मी तीनदा तपासलं. मग उठले आणि "वन्सं, या इकडे, हरला होतात तुम्ही!" अशी आतल्या खोलीकडे हाक मारली.

हाक मारून झाल्यावर उभीच राहिले.

तुम्ही काय म्हणाला असता, तेही मला ठाऊक आहे. "म्हणजे उडी दिली तेव्हा तात्यांना खरी संधी दिली ना मी? मग माझंच बरोबर." आणि मी म्हटलं असतं, "म्हणजे मी म्हणत होते ते धाडसच होतं ना? मग माझं बरोबर." ह्यावर आपल्याला आणखी दहा वर्षं पुरली असती.

दोघांचंही बरोबर, वन्सं. पण जिंकलात तुम्ही. तात्यांनी जीव तोडून खेळून, घेता येईल ते सगळं घेऊन, आणि तरी.

अनू, मिलिंद, आता तुम्हाला माहीत झालं. तात्या नाहीत, सासूबाई नाहीत, वकीलसाहेब नाहीत, नीलव्वाही केव्हाच मैंदर्गीला जाऊन तिथेच संपली, आणि आता आत्याआजी नाहीत. डाव आहे. पांढऱ्याच्या पहिल्या चालीपासून पांढऱ्याच्या शेवटच्या चालीपर्यंत तो मला सबंध येतो.